फीस्टला न येणाऱ्या मुलांबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मरगळ कशी झटकावी यावर लेख आला होता. पहाटे पाचला उठा, आरशासमोर उभं राहून ‘मी करू शकतो’ म्हणा, मोबाइल लांब ठेवा, ध्येयाचं चित्र भिंतीवर लावा, असं बरंच काही त्यात होतं. लेख वाईट नव्हता. पण तो ज्यांच्यासाठी लिहिलाय ती मुलं रोज माझ्याकडे जेवतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या भिंतीवर ते चित्र आधीपासूनच आहे. निळ्या दिव्याची गाडी, नाहीतर खांद्यावर तारे असलेला कुणीतरी. चित्राखालीच गादीवर पडून मुलगा छताकडे बघत असतो. म्हणून लिहावंसं वाटलं.

मी सदाशिव पेठेत पेरूगेटच्या अंगाला खानावळ चालवते. माहेर बार्शीचं, सासरही तिकडचंच. यजमानांच्या नोकरीपायी पुण्यात आलो आणि घराच्या पुढच्या दोन खोल्या हळूहळू खानावळीच्या झाल्या. मेंबर जवळजवळ सगळे स्पर्धा परीक्षेवाले. काही बसून जेवतात, काहींचे डबे अभ्यासिकेत जातात. लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा आणि कम्बाइन या परीक्षा, तलाठी भरती, कटऑफ, आन्सर की, हे शब्द माझ्या कानावर कुकरच्या शिट्टीइतकेच पडतात.

मरगळीबद्दल पुस्तकात काय लिहितात ते मला ठाऊक नाही. खानावळीत ती पहिल्यांदा डब्यात दिसते. परत आलेला डबा घासायला टाकण्याआधी मी स्वतः उघडते. भात एका कडेने चमचाभर उकरलेला, वरणावर साय आलेली, पोळ्या भरताना घातलेल्या घडीत तशाच, घाम धरून एकमेकींना चिकटलेल्या. भाजी नावडती असेल तर पोळी-लोणचं तरी संपतं. सगळंच जागच्या जागी परत आलं की कारण भाजीत नसतं. (माझं नाव छापू नका ते याचसाठी. काकू डबे तपासतात असं कळलं तर पोरं भाजी बेसिनमध्ये ओतून डबा रिकामा पाठवायला लागतील.)

दुसरी खूण रविवारची. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे गोडाधोडाचं जेवण असतं, संध्याकाळी खानावळ बंद. शनिवारपासून विचारणा सुरू होते, ‘काकू, उद्या काय?’ श्रीखंड-पुरी म्हटलं की अंगात ताप असलेला मेंबरसुद्धा मफलर गुंडाळून येतो. जो मुलगा लागोपाठ फीस्ट चुकवतो, गावाला गेलेला नाही आणि खाडाही (आज जेवायला नाही, हा आगाऊ निरोप) सांगत नाही, त्याच्या रूम पार्टनरला मी गाठते. खाडा सांगितला तर महिन्याच्या पैशांतून वजा होतो, आणि ही मुलं पाच-पाच रुपयांचा हिशेब ठेवणारी. कॉट बेसिसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं देऊन, चौघांत एक खोली घेतात, चहा दोघांत एक. असा मुलगा खाडा सांगायचाही कंटाळा करतो म्हणजे पाणी कुठवर आलंय ते समजावं.

रूम पार्टनरचं उत्तर बहुतेक ठरलेलं. ‘दिवसा झोपतो काकू, रात्रभर मोबाइल.’ मोबाइलवर काय बघतो? तर अधिकारी झालेल्यांची भाषणं. अभ्यास झाला नाही याचं दुःख अभ्यास कसा करावा याचे व्हिडिओ बघून हलकं करायचं. मध्यरात्री अंगात वीज संचारते, रंगीत पेनांनी वेळापत्रक तयार होतं, रोज सोळा तास, आणि सुरुवात येत्या सोमवारपासून. सोमवार उजाडतो, पाचचा गजर आठला बंद होतो, आणि पहिलाच तास बुडाल्यामुळे उरलेला दिवसही बुडीत खाती. वेळापत्रक जितकं मोठं तितकं ते लवकर कोसळतं. आपला लेख वाचून आणखी किती सोमवार ठरले असतील, देव जाणे.

आता तारखांबद्दल बोलते, कारण लेखात त्यांचा उल्लेखच नव्हता. मुलगा अडकला म्हणताना कशात अडकला हे बघायला नको का?

राज्यसेवेची २०२० ची पूर्वपरीक्षा मुळात ५ एप्रिल २०२० ला होती. करोना आला, मुलं मिळेल त्या गाडीने गावी गेली, माझी खानावळ बंद पडली. त्याला कोण काय करणार? पण तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे, असं करत करत १४ मार्च २०२१ ठरली. मुलं परतली, खोल्यांची भाडी सुरू झाली. ११ मार्चला, म्हणजे परीक्षा तीन दिवसांवर असताना, ती पुन्हा पुढे ढकलल्याचं जाहीर झालं. त्या दिवशी महाशिवरात्र होती. साबुदाण्याची खिचडी मोठ्या पातेल्यात तशीच गार झाली, कारण खाणारे सगळे शास्त्री रस्त्यावर ठिय्या देऊन बसले होते. शेवटी परीक्षा २१ मार्चला झाली.

२०२४ मध्ये त्याचीच दुसरी आवृत्ती. एप्रिलमधली पूर्वपरीक्षा सरकत सरकत २५ ऑगस्टवर आली आणि नेमकी त्याच दिवशी बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा. दोन्हींचे फॉर्म भरलेली कितीतरी मुलं माझ्याच पंगतीत होती. शिवाय कृषी विभागाची २५८ पदं याच परीक्षेत घ्यावीत ही मागणी. पुन्हा शास्त्री रस्ता, पुन्हा रात्रीची घोषणाबाजी. परीक्षा पुढे गेली आणि १ डिसेंबरला झाली. पोरांची मागणी मान्य झाली, चांगलंच झालं. पण ऑगस्ट ते डिसेंबरचं भाडं आणि मेसचे पैसे सोयाबीन विकून आले, हेही खरं. कोण बरोबर, कोण चूक हे मी ठरवत नाही. कारणं दर वेळी वेगळी होती, काही रास्तच होती. मला फक्त त्याचा माणसावर काय परिणाम होतो ते सांगायचंय.

मुलगा परीक्षेच्या दिवसावर डोळा ठेवून स्वतःला ताणत आणतो. झोप कमी, फोन बंद, सख्ख्या बहिणीच्या लग्नाला अक्षता टाकण्यापुरता जाऊन येतो. आणि मग तो दिवसच कॅलेंडरवरून उठून जातो. ताण अंगात भरलेला असतो, तो उतरायला जागाच राहत नाही. त्याच नोट्स, तेच नकाशे पुन्हा पहिल्यापासून. पंधरा दिवस असे गेले की तो ताटावर बसून म्हणतो, ‘काकू, माझ्यातच कायतरी कमी हाय.’ अरे, कमी तुझ्यात कशाला असेल? थकलेला माणूस आणि आळशी माणूस लांबून सारखाच दिसतो, आणि हल्ली तर थकलेलं पोर स्वतःलाच आळशी म्हणतं.

त्यात भर म्हणून परीक्षेचं रूप बदललं. आधी मुख्य परीक्षा ८०० गुणांची, बहुतेक पर्याय निवडायचे, आणि मुलाखत १०० ची. वर्णनात्मक पद्धत २०२३ पासूनच यायची होती. मुलं रस्त्यावर उतरली म्हणून ती २०२५ वर गेली. आता नऊ पेपर, १७५० गुण, मुलाखतीचे २७५ वेगळे. वर्षानुवर्षं गोळे काळे करणाऱ्या हातांना पानंच्या पानं लिहायची आहेत. तिशीतली पोरं जेवताना उजवा अंगठा चोळत बसतात. विचारलं तर हसून सांगतात, ‘निबंध लिहिला काकू.’ चांगली पद्धत असेल, मला त्यातलं कळत नाही. पण पाच वर्षं एका वाटेने चाललेल्याला वाट बदलली म्हणून सांगितल्यावर तो घटकाभर खाली बसणारच. त्याला ‘मन लाव, मन लाव’ म्हणून काय उपयोग?

एका मुलाचं जरा सविस्तर सांगते. परभणीकडचा, बीएस्सी ॲग्री झालेला. खानावळीत आम्ही मुलांना गावावरूनच ओळखतो, तेव्हा हा परभणीवाला. एकदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलेला, पुढच्या खेपेला पूर्वपरीक्षेतच थोडक्यात राहिला, आणि तिथून त्याचे डबे भरलेले परत यायला लागले. मी बोलावून घेतलं. दाढी वाढलेली, नजर जमिनीला. ‘पुस्तक उघडतो काकू, पण त्याच पानावर बसून राहतो. मोटिव्हेशन आलं की सुरू करतो.’ आता हे मोटिव्हेशन कुठल्या गाडीने येणार होतं कोण जाणे!

त्या आठवड्यात माझ्याकडचा भाजी आणणारा माणूस गावी गेला होता. मी म्हटलं, अभ्यास राहू दे, उद्या सकाळी माझ्याबरोबर मार्केट यार्डात चल, मला एकटीला पिशव्या उचलत नाहीत. त्याला नाही म्हणवेना. गुलटेकडीला सकाळी जो गदारोळ असतो तो पाहिलेल्यालाच कळेल. टेम्पो, हमाल, चिखल, मेथीच्या जुड्यांचे डोंगर, आणि त्यात हा झोपेतून उठवलेला पोरगा. पहिल्या दिवशी नुसता पिशव्या धरून उभा. दुसऱ्या दिवशी मी फ्लॉवर घेत होते तर पटकन म्हणाला, ‘तो नको काकू, आत कीड हाय त्याला, देठाकडं बघा.’ शेतीचं शिकलेला पोरगा तो! मग वांग्यांवरची फळ पोखरणारी अळी, कोथिंबिरीला जास्त झालेला युरिया, सगळं सांगत सुटला. गाळ्यावरच्या माणसाशी भावावरून हुज्जत घातली आणि जिंकलीसुद्धा. त्या दिवशी तो माझ्या स्वयंपाकघरात खाली बसून जेवला आणि त्याने पोळी मागून घेतली.

मग भाजी आणणं हे त्याचंच काम होऊन बसलं. त्याबद्दल मेसच्या पैशांत सूट दिली, फुकट नाही राबवला. दुपारी मटार सोलायला बसला की समोर आयोगाच्या संकेतस्थळावरून काढलेली जुनी प्रश्नपत्रिका ठेवायचा. मी एवढंच म्हणायची की दहा प्रश्न सोडव आणि बंद कर. अकरावा सोडवायचा नाही. दहा म्हणजे काहीच नाही, म्हणून तो ते करायचा. पुढे पुढे मीच ओरडायची, ‘अरे बस कर, मटार कोण सोलणार?’

यात माझं शहाणपण फारसं नाही. माझ्या भाचीने मानसशास्त्रात एमए केलंय, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, मावशी, याला बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, रीतसर उपचार आहे. पीटर ल्युइनसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे मांडलं. माणूस खचला की त्याचं बाहेर पडणं, कामं करणं, भेटीगाठी सगळं आटतं. ते आटलं की चार बऱ्या गोष्टी अनुभवाला येतात त्याही बंद होतात, आणि तो आणखी खचतो. मन ठीक होण्याची वाट न बघता आधी हात चालू करायचे, तेही अगदी छोट्या, ठरवलेल्या कामापासून. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांचे गट करून हे तपासलं. एका गटाला विचार बदलण्याचे पूर्ण उपचार, दुसऱ्याला फक्त कामांना लावणं. दोन्ही गट सारखेच सुधारले. भाचीने त्या पोराला वही करायला लावली. तासातासाला काय केलं ते लिहायचं आणि तेव्हा बरं वाटलं की नाही त्याला दहापैकी मार्क द्यायचे. पोराला गुणांची सवयच! त्याच्या लक्षात आलं, रात्री मोबाइल बघताना मार्क दोन, आणि सकाळी यार्डात सहा-सात. हे त्याला मी सांगून पटलं नसतं.

मात्र सगळ्यांना मटार सोलून बरं वाटत नाही, हेही लिहायला हवं. सलग दोन आठवडे कशातच मन नाही, झोप उडालेली किंवा झोपच झोप, अन्न नकोसं, ‘मी नसलो तर बरं’ अशी भाषा, असं असेल तर ते काकूचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. पुण्यात ससूनला मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, फार पैसे लागत नाहीत. परभणीवाल्याच्याच खोलीतल्या एका मुलाला तिथे मी आणि परभणीवाल्याने धरून नेलं. गोळ्या सुरू झाल्या, काही आठवड्यांत झोप जागेवर आली, आणि मग तो अभ्यासाचं बोलायला लागला. आधी झोप, मग अभ्यास. त्याच्या घरी मात्र आजतागायत ‘मुलाला ॲसिडिटी होती’ असंच सांगितलं जातं.

घरच्यांचं निघालं म्हणून सांगते. आई-वडिलांचे फोन मुलांपेक्षा मला जास्त येतात. औशाकडचे एक शेतकरी आहेत. दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी फोन. ‘ताई, पोरगं जेवतंय का?’ मी म्हटलं, दादा, त्याला का विचारत नाही? तर म्हणाले, ‘त्याला फोन केला की निकालाचं तोंडातून निघतं. मग त्यो गप, मी गप.’ लाखमोलाचं बोलले. मी सुचवलं, निकालाचं सोडा, शेतीचं विचारा. २०२४ च्या दिवाळीतली गोष्ट. सोयाबीनला हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्या खालीच मागत होते. वडिलांनी मुलाला विचारलं, ‘इकू का ठिवू?’ पोरगं डबा बाजूला ठेवून लातूरच्या बाजारभावांत घुसलं. हमीभाव केंद्रावर ऑनलाइन नोंदणी कशी करायची, सातबारा कुठला जोडायचा, ओलावा किती टक्के चालतो, सगळं काढून त्याने बापाला सांगितलं, नोंदणी इथूनच करून दिली. अर्थशास्त्राच्या पेपरला हाच धडा होता. फरक इतकाच की या वेळी कुणाला तरी त्याची गरज होती. माझा अनुभव असा की अडकलेल्या माणसाला सल्ला नको असतो. कुणीतरी त्याचा सल्ला घ्यावा, हे त्याला हवं असतं.

आता जे लिहिणार आहे त्याने काहींना राग येईल. प्रत्येक क्लासच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं, ‘परतीचे दोर कापून टाका.’ टाळ्या पडतात. कोंढाण्याची गोष्ट आम्हीही लहानपणापासून ऐकलीय. तानाजी मालुसरे पडल्यावर मावळे मागे फिरायला लागले तेव्हा सूर्याजींनी दोर कापले आणि गड घेतला. १६७० सालची ती एका रात्रीची लढाई. सकाळपर्यंत निकाल लागला. सात-सात वर्षांच्या मुक्कामाला दोर कापून कसं चालेल? राज्यसेवेला पदं निघतात शेकड्यांत, अर्ज येतात लाखांत. हे गणित पोरांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, प्रश्नच सोडवतात ती असले. दोर कापलेला मुलगा अभ्यास जास्त करतो असं मला कधी दिसलं नाही. तो घाबरतो जास्त. पेपरात एक प्रश्न अडला की त्याला पुढचं सगळं आयुष्य अडलेलं दिसतं.

तासगावकडची एक मुलगी होती, तिचं बघा. घरून लग्नाचा लकडा, इकडे अभ्यास ठप्प, रोज संध्याकाळी डोळे सुजलेले. एक दिवस तिने वडिलांना फोन करून सांगितलं, अमुक परीक्षेपर्यंत मी इथे, त्यानंतर घरी येऊन बीएडचा फॉर्म भरणार, तोवर स्थळाचा विषय नको. शिवाय जवळच्याच शिकवणीत आठवी-नववीच्या मुलांना संध्याकाळी गणित शिकवायला लागली. मैत्रिणी म्हणाल्या, लक्ष विचलित होईल. झालं उलटंच. महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या कमाईचे पैसे माझ्या हातावर ठेवताना तिचा चेहरा काय होता! परत जायला दार आहे म्हटल्यावर ती आत निवांत बसून अभ्यास करायला लागली. परीक्षेत काय झालं हे मुद्दामच लिहीत नाही. कारण ती पास झाली म्हणाले तर सगळे म्हणतील, बघा, युक्ती चालली. नापास झाली म्हणाले तर म्हणतील, बघा, विचलित झाली.

परभणीवाल्याचं मात्र सांगते. तो अधिकारी झाला नाही. पुन्हा एकदा मुख्य परीक्षा दिली, राहिला, आणि स्वतःहून थांबला. आता सेलूला कृषी सेवा केंद्र चालवतो. जाताना पुस्तकं माझ्याकडेच ठेवून गेला, पुढच्या पोरांना द्या म्हणून. सोयाबीनवर खोडमाशी आली की शेतकरी फोटो पाठवतात आणि हा दुकानातून उठून बांधावर जातो. माझ्या हिशेबी हा पास झालेला मुलगा आहे. पण त्याची बातमी कधी आली नाही, येणारही नाही.

इथेच माझी आपल्याकडे तक्रार आहे. निकाल लागला की आपल्या पानावर फोटो येतात. गुलाल, पेढे, आईच्या डोळ्यांत पाणी, ‘शेतमजुराच्या मुलाची गगनभरारी’. मीही ती कात्रणं खानावळीच्या भिंतीवर चिकटवते, अभिमानाने. जरूर छापा. पण त्याच आठवड्यात एखादा कोपरा अशांनाही द्या, जे थांबले आणि पुढे काहीतरी करताहेत. कुणी दूध संकलन केंद्र काढलं, कुणी बँकेत लागलं, कुणी गावच्या शाळेवर आहे. परीक्षा सोडल्यावर पहिले सहा महिने कसे काढले, गावात काय सांगितलं, तोवर पुढे निघून गेलेल्या मित्रांना तोंड कसं दिलं, हे त्यांना विचारा. माझ्या पोरांना सगळ्यात जास्त भीती त्या सहा महिन्यांची आहे. पहाटे पाचला उठण्याची नाही.

दुसरी मागणी छोटी आहे. आपल्या नोकरीविषयक पानावर दर आठवड्याला जाहिराती, शेवटच्या तारखा, फी, सगळं येतं. मुलं दुसरं काही वाचोत न वाचोत, ते पान शोधून वाचतात. त्याच पानाच्या तळाला कायमची एक ओळ टाका, टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. मी तो नंबर हात धुवायच्या बेसिनवर कागदाला लिहून लावलाय. आरशाशेजारीच, म्हणजे हात धुताना कुणाला कळू न देता वाचता येतो. कागद पाण्याने भिजतो, मी नवा लावते. जागेची अडचण असेल तर माझं पत्र कापा, पण ती ओळ छापा.

कळावे.

आपली नम्र,
सदाशिव पेठेतली एक खानावळवाली, पुणे